‘पाइप्स आर बेंट’ लिहिण्याआधी: वाकड्या आणि गोल आकारांचे इंग्रजी शब्द

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी क्वालिटीला नवीन लागले होते, तेव्हाची गोष्ट. परदेशात जायचा माल तयार झाला होता, रेलिंगसाठी वाकवलेले स्टीलचे पाइप. शेट म्हणाले, पार्टीला मेल टाक, बेंडिंगचं काम उरकलं म्हणून. मी टाकला: ‘ऑल पाइप्स आर बेंट.’ दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन सुरू व्हायच्या आत तिकडून तीन मेल आलेले. किती पाइप खराब झाले? फोटो पाठवा. बदली माल कधी देणार? मला काही कळेना. बाबा रे, वाकवायला तूच तर सांगितलंस!

व्याकरण चुकलं नव्हतं, स्पेलिंगही बरोबर होतं. पण कुठलीही वस्तू नुसती ‘बेंट’ आहे म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते असं: सरळ असायला हवी होती, वाकली. मी लिहायला हवं होतं ‘द बेंडिंग इज कम्प्लीट’ किंवा ‘द पाइप्स हॅव बीन बेंट टु द ड्रॉइंग’. तेव्हापासून आयटीआय करून साताऱ्याहून, लातूरहून नवीन पोरं-पोरी गाळ्यात आल्या की पहिल्या आठवड्यात त्यांना हे शिकवायचं काम माझ्याकडे आलं. तेच इथे लिहिते आहे. कारखान्यात नसाल तरी अडणार नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा असो की पोराच्या शाळेत चित्राचं वर्णन करायचं असो, शब्द तेच लागतात.

आधी आपली सवय तपासा

मराठीत आकारांचे शब्द कमी नाहीत. बाकदार, वळणदार, कमानदार, लंबगोल, वाटोळं, नागमोडी, वेटोळं, खोलगट, पोक, कुबड. पण घाईत तोंडात येतात दोनच: वाकडं आणि गोल. खिळा वाकडा, दात वाकडे, भिंतीवरचा फोटो वाकडा, केळंही वाकडंच. इंग्रजीत खिळा ‘बेंट’, दात ‘क्रुकेड’, फोटो ‘टिल्टेड’ किंवा ‘क्रुकेड’, आणि केळं ‘कर्व्ड’. म्हणजे ‘वाकडं’ला एकच इंग्रजी शब्द शोधत बसलात तर फसलात. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ मधलं अंगणसुद्धा वळलेलं नसतं, ते उंचसखल असतं. आपलं ‘वाकडं’ म्हणजे ‘असायला हवं तसं नाही’ एवढंच कधी कधी.

पायरी 1: विचारा, हे मुळात सरळ होतं का?

पहिला प्रश्न हाच, आणि निम्मं काम यातच होतं. म्हणून या पायरीवर जरा रेंगाळते.

वस्तू जन्मतःच तशी असेल, किंवा कुणी ठरवून तशी केली असेल, तर ‘कर्व्ड’. केळं, कोयत्याचं पातं, खुर्चीची पाठ, मोबाइलची काच. ‘कर्व्ड’मध्ये दोष नाही, उलट बऱ्याचदा कौतुकच असतं. सरळ होतं आणि जोर लावून वाकवलं किंवा दणका बसून वाकलं, तर ‘बेंट’. सायकलची स्पोक, पिन, लोकलच्या गर्दीत दबलेली छत्रीची काडी. ‘बेंट’मध्ये सहसा कोपरा दिसतो, जिथे वाकलं ती जागा बोटाने दाखवता येते. ‘कर्व्ह’ला अशी जागा नसते, तो सगळीकडून थोडा थोडा वळलेला असतो.

सरळ असायला हवं पण नाही, कुणी वाकवलं तेही माहीत नाही, तर ‘क्रुकेड’. दात, रांग, घाईत मारलेली रेघ. या शब्दाचा उच्चार दोन तुकड्यांत करायचा: क्रु-किड. ‘क्रुक्ड’ नाही. आमच्याकडे दहातले नऊ जण तो एका दमात म्हणतात.

याच भेदावर युरोपात मोठी गंमत झाली होती. 1994 मध्ये युरोपियन कमिशनने केळ्यांसाठी नियम काढला, क्रमांक 2257/94. त्यात म्हटलं होतं की केळ्यांना ‘ॲबनॉर्मल कर्व्हेचर’ नको, म्हणजे केळ्याचा बाक भलताच नको. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याची ‘बेंडी बनानाज’ करून वर्षानुवर्षं टिंगल केली, जणू वाकड्या केळ्यांवर बंदीच आली. नियमाने शब्द वापरला ‘कर्व्ह’चा, आणि थट्टा करणाऱ्यांनी उचलला ‘बेंड’चा, कारण ‘बेंड’ ऐकलं की हसू येतं आणि दोषही दिसतो. काकडीचा नियम तर त्याहून आधीचा, 1988 चा. चांगल्या दर्जाची काकडी जवळजवळ सरळ हवी, दर 10 सेंटिमीटर लांबीला बाकाची उंची फार तर 10 मिलिमीटर. हा काकडीचा नियम 2009 मध्ये मोडीत निघाला. पण वाकडेपणा कसा मोजावा याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही, म्हणून मी अजून शिकवताना काकडीच आणते. शिकवून झालं की मीठ लावून खातोही.

आता बेंटचे चुलतभाऊ. मुंबईत राहणार असाल तर पावसाळ्यात यांची गरज पडेलच.

जुलैमध्ये बाथरूमचं दार लागेनासं होतं. आपण म्हणतो दार वाकलं. बहुतेक वेळा ते वाकलेलं नसतं, ओल धरून फुगलेलं असतं. इंग्रजीत ‘द डोअर इज स्वोलन’. खरोखर पिळवटलं, चौकटीत एक कोपरा बाहेर यायला लागला, तर ‘वॉर्प्ड’. सुताराशी इंग्रजीत बोलायची वेळ येत नाही हे खरं, पण ऑनलाइन मागवलेलं कपाट परत करताना तक्रारीत हेच शब्द लागतात. फळीच्या वॉर्पचेही प्रकार आहेत. लांबीत धनुष्यासारखी वाकली तर ‘बो’, रुंदीत पन्हाळीसारखी झाली तर ‘कप’, चार कोपरे एका पातळीत राहिले नाहीत तर ‘ट्विस्ट’. पुस्तकांच्या वजनाने मध्ये खाली आलेली फळी मात्र ‘सॅग’ झालेली असते. वाळत घालायची दोरी सॅग होते, दोन खांबांमधली केबलही सॅग होते. ‘सॅग’ नेहमी खालच्या दिशेला. दोन्ही टोकांकडून दाब येऊन पत्रा किंवा रूळ एकदम बाजूला फुगला तर ‘बकल’. आणि ठोकर लागून पडलेला खड्डा ‘डेंट’. गाडीच्या दाराला ‘बेंट’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटेल दारच दुमडलंय.

पायरी 2: गोल म्हणजे कुठलं गोल?

पोळी गोल, लाडू गोल, पाइप गोल. बोलताना तिघांनाही ‘राउंड’ चालतं, कुणी हसणार नाही. पण कागदावर लिहिताना फोड करा. सपाट गोल तो ‘सर्क्युलर’, सगळ्या बाजूंनी गोल तो ‘स्फेरिकल’, आणि लांबट नळकांड्यासारखा तो ‘सिलिंड्रिकल’. पोळी, लाडू, पाइप, याच क्रमाने.

लोखंडाच्या धंद्यात ‘राउंड’चा अर्थ आणखी वेगळा. मुंबईत दारूखाना नावाचा लोखंडाचा बाजार आहे, तिथे किंवा कुठल्याही लोखंडवाल्याकडे ‘राउंड बार’ मागितलात तर सरळसोट सळईच मिळेल. राउंड आहे तो तिचा छेद. आमच्याकडे एका नवीन मुलाने ऑर्डरमध्ये ‘राउंड पाइप’ वाचून विचारलं होतं, मॅडम, म्हणजे कड्यासारखा वाकवायचा का? प्रश्न चुकीचा नव्हता. कड्यासारखं हवं असेल तर ‘रिंग’ लिहायचं.

‘राउंडेड’ हा वेगळा शब्द आहे, तो ‘राउंड’चा भूतकाळ समजू नका. ‘राउंड टेबल’ म्हणजे गोल टेबल. ‘टेबल विथ राउंडेड कॉर्नर्स’ म्हणजे चौकोनी टेबल, फक्त कोपरे मारलेले. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला या दोघांतला फरक मांडीवर उठलेल्या वळांवरून समजतो. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या कडेच्या आर्ट डेको इमारतींच्या गॅलऱ्या बघा, इमारत चौकोनी पण कोपरा घासून गुळगुळीत केल्यासारखा. ती गॅलरी ‘राउंडेड’ किंवा ‘कर्व्ड’. ‘राउंड’ नाही.

ओव्हलचं नाव निघालंच आहे. ‘ओव्हल’ आला लॅटिन ‘ओव्हम’वरून, ओव्हम म्हणजे अंडं. लांबट गोल काहीही असो, अंड्यासारखं एका टोकाला निमुळतं असो की दोन्हीकडे सारखं, ओव्हल चालतं. ‘इलिप्स’ मात्र गणितातला नेमका लंबगोल. ड्रॉइंगमध्ये इलिप्स लिहिलंय तिथे स्वतःच्या मनाने ओव्हल काढू नका. मैदानाचं नावच ओव्हल असल्यामुळे हा शब्द मुंबईकराला पाठ करावा लागत नाही. एका बाजूला हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटीच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, मध्ये ओव्हल. हा सगळा पट्टा 2018 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

एक सवय मोडा: ‘राउंड इन शेप’. टेबल राउंड आहे म्हटलं की शेपच सांगितला ना? ‘द टेबल इज राउंड’ पुरे. आणि ‘एक राउंड मारून येतो’ हे आपलं झकास मराठी आहे, पण इंग्रजीत ‘आय विल बीट अ राउंड’ करू नका. ‘आय विल गो फॉर अ वॉक’ किंवा गाडी असेल तर ‘फॉर अ ड्राइव्ह’.

पायरी 3: पूर्ण वर्तुळ की तुकडा?

नरिमन पॉइंटला उभे राहून गिरगाव चौपाटीकडे बघा. जवळजवळ साडेतीन किलोमीटरचा रस्ता समुद्राला धरून वळत गेलेला दिसतो, रात्री दिवे लागले की राणीचा हार. हा वर्तुळाचा तुकडा आहे, म्हणून ‘आर्क’. ‘द रोड फॉलोज द आर्क ऑफ द बे.’ ‘कर्व्ह’ म्हटलंत तरी बरोबर. प्रत्येक आर्क हा कर्व्ह असतो, पण प्रत्येक कर्व्ह आर्क नसतो.

आता तिथून गेटवेला चला. 26 मीटर उंच, 1924 मध्ये खुलं झालेलं, आणि समोर मोठी कमान. ती ‘आर्च’. आर्क आणि आर्च दोघेही लॅटिन ‘आर्कस’ची पोरं, आर्कस म्हणजे धनुष्य. फरक लक्षात ठेवायची माझी खूण अशी: आर्क कागदावर असतो, आर्च डोक्यावर भार घेते. म्हणून पायाच्या तळव्याचा वर उचललेला भागसुद्धा ‘आर्च’ आहे, तोही भार घेतोच. अशा कमानींची रांग म्हणजे ‘आर्केड’. फोर्टमध्ये दादाभाई नौरोजी रोडवर पावसात न भिजता ज्या कमानींखालून चालता, ती आर्केड. मॉलमधल्या गेम झोनलाच आर्केड म्हणतात असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

कमान चारी बाजूंनी फिरवली की ‘डोम’, आपला घुमट. सीएसएमटीला उतरलात तर एक डोम स्टेशनवर आहे आणि पलीकडे दुसरा जनरल पोस्ट ऑफिसवर. पोस्टाची इमारत 1913 ची, आणि तिच्या घुमटामागे विजापूरच्या गोलघुमटाची प्रेरणा होती.

वर्तुळाचा अर्धा तुकडा ‘सेमीसर्कल’, बोलीत ‘हाफ-राउंड’. हत्यारांच्या पेटीतली अर्धगोल कानस म्हणजे ‘हाफ-राउंड फाइल’. चंद्रकोर म्हणजे ‘क्रेसंट’, दोन्ही टोकं निमुळती आणि आतली बाजूही वळलेली. हा शब्द वाढण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला, म्हणून मुळात तो वाढत्या चंद्राचा. कपाळावरची चंद्रकोर क्रेसंट, यात वाद नाही. करंजीला काय म्हणायचं यावर मात्र आमच्याकडे दिवाळीत वाद होतो. करंजीची एक बाजू जवळजवळ सरळ असते, त्यामुळे माझं मत ‘हाफ-मून’. पाककृती लिहिणारे सर्रास ‘क्रेसंट’ लिहितात. त्यांचं चालू द्या.

पायरी 4: फुगलंय की खोल गेलंय?

‘कॉन्व्हेक्स’ बाहेर फुगलेला, ‘कॉन्केव्ह’ आत गेलेला. शाळेत हेच बहिर्वक्र आणि अंतर्वक्र म्हणून शिकलात. गोंधळ होत असेल तर कॉन्केव्हमधला ‘केव्ह’ धरा, केव्ह म्हणजे गुहा, गुहा आत असते. चमच्यात पोहे भरतो ती बाजू कॉन्केव्ह, पालथी बाजू कॉन्व्हेक्स. सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर कोपऱ्यात लावलेला फुगीर आरसा कॉन्व्हेक्स असतो. तो जास्त जागा दाखवतो पण वस्तू लहान दिसतात, त्यामुळे येणारी गाडी वाटते त्यापेक्षा जवळ असते.

रोजच्या बोलण्यात हे शब्द जड होतात. तिथे ‘बल्ज’ म्हणजे फुगवटा आणि ‘हॉलो’ म्हणजे खोलगट जागा. भिंतीत पाणी मुरून प्लास्टर फुगलंय हे मालकाला कळवायचं तर ‘द वॉल इज बल्जिंग’.

पायरी 5: एकदा वळलं की वळतच राहिलं?

स्वयंपाकघरात सगळी उदाहरणं आहेत. चकली म्हणजे ‘स्पायरल’, मध्यापासून निघून बाहेर रुंदावत गेलेली. दोरी, वायर, नळी गुंडाळून ठेवली की ‘कॉइल’. मच्छर अगरबत्तीचा आकार स्पायरल, पण तिचं नाव कॉइल. गुंडाळलेलं काहीतरी या अर्थाने. एकदाच फिरून स्वतःला भेटतो तो ‘लूप’, सुईत दोरा ओवताना नको तिथे पडतो तो. ताटातला पापड कडेने वर उचलला गेला तर ‘द एजेस कर्ल्ड’. केस ‘कर्ली’ म्हणजे कुरळे, ‘वेव्ही’ म्हणजे लाटांसारखे. कुत्र्याचं शेपूट नळीत घाला नाहीतर काही करा, इंग्रजीत ते ‘कर्ल्ड’, कारण ते वरून गोल वळलेलं असतं.

जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला गंजलेला लोखंडी गोल जिना असतो, पूर्वी सफाईसाठी ठेवलेला. भूमितीत त्या आकाराचं नाव ‘हीलिक्स’, कारण तो रुंदावत नाही, फक्त वर चढतो. पण माणसं ‘स्पायरल स्टेअरकेस’च म्हणतात आणि तुम्हीही तेच म्हणा. स्प्रिंगच्या ड्रॉइंगवर मात्र ‘हेलिकल’ असतं.

पायरी 6: रस्ता आणि नदी

मुंबईत कुणीही रिक्षावाल्याला सांगतं, पुढच्या टर्निंगला थांबवा. इंग्रजीत चार शब्द आहेत. दोन रस्ते भेटतात तिथे ‘कॉर्नर’. एकच रस्ता वळतो तिथे ‘बेंड’. सावकाश, लांबवर वळत गेला तर ‘कर्व्ह’. आणि तुम्ही करता ते ‘टर्न’. म्हणून ‘टेक द सेकंड लेफ्ट टर्न, आफ्टर द बेंड’. रस्त्याला ‘बेंट’ म्हणत नाहीत; ‘द रोड बेंड्स’ किंवा ‘द रोड कर्व्ज’ असं क्रियापदाने सांगतात. गोल चौकाला आपण सर्कल म्हणतो, किंग्ज सर्कल, खोदादाद सर्कल, 1872 पासूनचं हॉर्निमन सर्कल. लंडनला गेलात तर गाड्या फिरतात तो चौक ‘राउंडअबाउट’ होतो.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने घाट चढताना गाडी उलटी फिरल्यासारखी वळते, ते ‘हेअरपिन बेंड’, आकड्यासारखं. नागमोडी रस्त्याला पोरं हमखास ‘झिगझॅग’ लिहितात. झिगझॅगला टोकं लागतात, करवतीच्या दात्यांसारखी. नागाला कुठे टोकं असतात? नागमोडी म्हणजे ‘वाइंडिंग’. याचा उच्चार वाऱ्यासारखा ‘विंडिंग’ करू नका. मोटर दुरुस्तीच्या दुकानावर ‘रिवाइंडिंग’ची पाटी बघता ना, तोच शब्द.

नदी वळणं घेत रमतगमत जाते त्याला ‘मिअँडर’. तुर्कस्तानात त्या नावाची, फार वळणं घेणारी नदीच होती, तिच्यावरून हा शब्द पडला. आमच्या गाळ्यापासून मिठी नदी जवळ. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, जवळपास 18 किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळापाशी तिला धावपट्टीसाठी काटकोनात वळवलेलं आहे. तिथे ‘द रिव्हर मिअँडर्स’ लिहिता येत नाही. ‘द रिव्हर हॅज बीन बेंट’, इथे शब्द चपखल बसतो, दोषासकट.

पायरी 7: ड्रॉइंग वाचताना

कारखान्याबाहेरच्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल.

‘आर 5’ म्हणजे तिथल्या गोलाईची त्रिज्या 5 मिलिमीटर. वर्तुळावर तिरकी रेघ असेल तर तो डाया, व्यास. आर आणि डायाची गल्लत झाली की जॉब, म्हणजे बनवलेला तुकडा, थेट भंगारात. आतल्या कोपऱ्याची गोलाई ‘फिलेट’, बाहेरच्या कडेची ‘राउंड’, आणि कड गोल न करता तिरकी छाटली तर ‘शॅम्फर’. किचनच्या ओट्याच्या ग्रॅनाइटची कड गोल घासून घेतात ती ‘बुलनोज’.

पाइपला वळवायचे दोन मार्ग. तयार तुकडा जोडला तर तो ‘एल्बो’, कोपर. त्यात लाँग रेडिअस म्हणजे गोलाईची त्रिज्या पाइपच्या साइजच्या दीडपट, शॉर्ट रेडिअस म्हणजे साइजइतकीच. पाइपच वाकवला तर ‘बेंड’. ‘थ्री-डी बेंड’ लिहिलं असेल तर त्रिज्या साइजच्या तिप्पट, सिनेमाशी संबंध नाही. पूर्ण मागे फिरला तर ‘यू-बेंड’. स्टील वाकवून सोडलं की थोडं मागे सरकतं, ते ‘स्प्रिंगबॅक’. म्हणून 90 अंश हवे असतील तर मशीनवर थोडे जास्त द्यावे लागतात, ते ‘ओव्हरबेंड’. वाकताना पाइपची बाहेरची बाजू ताणून पातळ होते, आतल्या बाजूला सुरकुत्या पडू शकतात, आणि गोल छेद दबून लंबगोल होतो. या शेवटच्या दोषाला ‘ओव्हॅलिटी’ म्हणतात. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान व्यास मोजायचा, फरक मूळ व्यासाने भागायचा आणि टक्क्यांत लिहायचा.

पायरी 8: माणसांबद्दल बोलताना जपून

वयाने वाकलेल्या आजोबांना ‘बेंट’ म्हणू नका. ‘ही वॉक्स विथ अ स्टूप’ म्हणा. ब्रिटिश बोलीत ‘बेंट’ माणूस म्हणजे लाच खाणारा, आणि त्याचा एक जुना शिवीसारखा अर्थही आहे. ‘क्रुकेड’ माणूस म्हणजे लबाड. ‘क्रुक’ हा शब्द त्याच घरातला. वस्तू उचलायला वाकलात तर ‘बेंड डाउन’. देवापुढे वाकलात तर ‘बाउ’. स्पेलिंग तेच असलं तरी धनुष्य आणि रिबनची गाठ म्हणजे ‘बो’, नमस्काराचं ‘बाउ’. फळीचा जो ‘बो’ वर सांगितला, तो धनुष्यवाला.

आपलं ‘जरा वाकडी वाट करून आलो’ इंग्रजीत रस्त्याच्या आकाराशी जोडू नका. ‘आय वेंट आउट ऑफ माय वे टु कम हिअर’. आणि नियम थोडे वाकवणं मात्र दोन्ही भाषांत सारखंच आहे: ‘बेंड द रूल्स’.

पायरी 9: लिहून बघा

एखाद्या रविवारी चर्चगेटला उतरा. ओव्हलच्या कडेने हायकोर्ट बघत निघा, दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून सीएसएमटीपर्यंत जा. वाटेत दिसणाऱ्या दहा वळलेल्या वस्तूंवर एकेक वाक्य लिहा. बेंट हा शब्द दोनपेक्षा जास्त वेळा आला तर परत तपासा. मोडका सिग्नल, ठोकर खाल्लेला बॅरिकेड, एवढंच त्या वाटेवर खरं बेंट असतं.

कामाच्या ठिकाणी तक्रार किंवा रिपोर्ट लिहायचा असेल तर तीन गोष्टी एका वाक्यात घाला: काय झालं, किती, कुठे. ‘द हँडल इज बेंट थ्री मिलिमीटर्स टु द लेफ्ट, नियर द वेल्ड.’ काम व्यवस्थित झाल्याचं सांगायचं असेल तर बेंटला एकटं सोडू नका, मागे ‘टु द ड्रॉइंग’ किंवा ‘टु नाइंटी डिग्रीज’ जोडा. आणि सोबत फोटो टाका. त्या तीन मेलांनंतर मी बारा फोटो काढून पाठवले होते, प्रत्येक पाइपशेजारी कोन मोजायची पट्टी धरून. संध्याकाळी उत्तर आलं, दोनच शब्दांचं: ‘ब्यूटिफुल बेंड्स.’